उभं राहून चालवायच्या जेट स्कीला पेट्रोलचा प्रायमर बसवायचाय? नॉब सोडा, आधी टी-जॉइंटचं बघा

सोलापुरात विजापूर रोडला माझं छोटं गॅरेज आहे. टू-स्ट्रोकच्या गाड्या करत करत अर्धं आयुष्य गेलं, आरएक्स १००, एम-८०, लुना, सगळं हाताखालनं गेलंय. दोन वर्षांमागं एक दोस्त कोकणातनं जुनी कावासाकी ६५० जेट स्की, म्हणजे पाण्यावर पळणारी स्कूटर, टेम्पोत घालून घेऊन आला, ती उभं राहून चालवायची असते, सीट नाही, एकाच माणसाची. समोरचा चहावाला बघून म्हणाला, "हे काय आणलाव बे, पाण्यातला नांगर का?" दिसायला तसंच आहे म्हणा, पुढं लांब दांडा, तो वर-खाली होतो, त्याच्या टोकाला हँडल. पण हूड उघडलं की आत आपल्याच ओळखीतलं घर, दोन सिलेंडरचं ६३५ सीसीचं टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं. म्हटलं ठेव जा, बघतो.

रोग एकच होता, सकाळची पहिली स्टार्टिंग. उजनी धरणाला भीमानगरच्या बाजूला न्यायची, पाण्यात उतरवायची, आणि मग सेल्फ मारत बसायचं, बॅटरी रडायला लागली की जंप केबल, तोवर ऊन डोक्यावर. एकदा चालू झाली की दिवसभर एका बटणावर स्टार्ट. म्हणजे करंट आहे, कॉम्प्रेशन आहे, फक्त पेट्रोल वेळेवर पोचत नाही.

का पोचत नाही ते आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं आंधळं काम होईल. बाईकला टाकी वर असते, कार्बोरेटर खाली, कॉक उघडला की पेट्रोल आपल्या पायानं खाली येतं. इथं टाकी खालच्या अंगाला, पेट्रोल चढवावं लागतं. ते चढवतो कार्बमधला डायफ्राम पंप, आणि तो पंप हलतो क्रँककेसमधल्या दाब-ओढीवर, त्यासाठी एक छोटी पल्स लाइन असते. म्हणजे इंजिन फिरल्याशिवाय पेट्रोल नाही आणि पेट्रोल आल्याशिवाय इंजिन पेटत नाही, असा सगळा गोंधळ. आठ-पंधरा दिवस गाडी उभी राहिली की लाइनमधलं पेट्रोल हळूहळू टाकीत परत उतरतं, मग सेल्फनं ते सगळं नव्यानं ओढायचं. चोक आहे की, म्हणाल. आहे, पण जुन्या मशिनला चोकची केबल खाऱ्या पाण्यानं गंजून जाम झालेली असते, आमची तर नॉब ओढली की नॉबच हातात. शिवाय चोकची बटरफ्लाय, म्हणजे झडप, कार्बच्या तोंडात कायम आडवी उभी, हवेच्या वाटेत, आणि तिचे दोन बारके स्क्रू कधी सैल होऊन इंजिनात गेले तर पिस्टनची काय दशा होते ते मी बाईकवर बघितलंय.

यावर इलाज प्रायमर, म्हणजे हातानं दाबायचा छोटा पंप, इंजेक्शनच्या सिरिंजसारखा. ओढला की टाकीतनं पेट्रोल आत येतं, दाबला की बारक्या नळीनं थेट कार्बच्या तोंडात चिळकांडी. आत दोन एकतर्फी व्हॉल्व्ह, एक आत घेणारा, एक बाहेर सोडणारा. बस्स, एवढंच यंत्र. कावासाकीच्या ४४०, ५५०, ६५०, ७५०, ८०० आणि यामाहाच्या जुन्या टू-स्ट्रोक सुपरजेटला हे चालतं. २०१७ पासूनची कावासाकीची एसएक्स-आर आणि २०२१ ची नवी सुपरजेट या फोर-स्ट्रोक इंजेक्शनवाल्या आहेत, त्यांना याची गरजच नाही, उगाच भोकं पाडू नका.

आता माझी चूक सांगतो, कारण सगळा धडा तिच्यातच आहे. पहिल्यांदा मी काय केलं, टाकीतनं कार्बला जाणारी मेन लाइन मधून कापली, टी म्हणजे तीन तोंडांचा जोड बसवला, टीच्या तिसऱ्या टोकाला सलाईनची नळी लावून प्रायमरला जोडली. आपल्याकडं बाईकला सगळेच सलाईनची नळी लावतात, आत पेट्रोल दिसतं, स्वस्त, मेडिकलमध्ये मिळते. स्टार्टिंग एकदम मक्खन झाली, दोस्त खूश, मी खूश. महिना-दीड महिना गेला. मे महिना, सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको, बंद शेडमध्ये गाडी उभी, हुडाच्या आत भट्टी. नळी पिवळी पडून कडक झाली आणि टीच्या तोंडाशी केसाएवढी चीर गेली. पेट्रोल गळत नव्हतं म्हणून कळलंच नाही. गळणार कसं, ती ओढीची बाजू आहे, तिथनं पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. पंप पेट्रोलबरोबर हवा ओढायला लागला, मिक्स्चर लीन झालं, आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे ऑइलपण कमी, कारण ऑइल त्याच पेट्रोलमधनं येतं. फुल थ्रॉटलवर वीस मिनिटं पळाली, आवाज जरा कडक झाल्यासारखा वाटला आणि एकदम गप. पुढचा पिस्टन जाम. बोअर करायला लेथवाल्याकडं सिलेंडर, ओव्हरसाइज पिस्टन मागवायला तीन आठवडे, आणि हे सगळं चाळीस रुपयांच्या नळीपायी.

तेव्हापासनं माझा नियम, चालत्या इंजिनाच्या मेन लाइनला हातच लावायचा नाही. प्रायमरला पेट्रोल वेगळ्या वाटेनं द्यायचं. ६५० ला सोय आयतीच आहे, टाकीत दोन पिकअप, म्हणजे पेट्रोल ओढायच्या नळ्या, असतात, एक मेन आणि एक रिझर्व्ह, दोन्ही नळ्या फ्युएल कॉकला येतात. रिझर्व्हची नळी कॉकवरनं काढायची आणि ती सरळ प्रायमरच्या आत घेणाऱ्या टोकाला. आता प्रायमरची नळी फाटली, टोक निघालं, काहीही झालं तरी चालत्या इंजिनाच्या पेट्रोलमध्ये हवा शिरत नाही, फार तर प्रायमर काम करणार नाही. एकच गोष्ट विसरू नका, कॉकचं रिझर्व्हचं टोक आता उघडं पडलं, तिथं टोपी घालून क्लिप लावा आणि कॉकची नॉब रिझर्व्हवर जाणार नाही असं करा. पाण्यात कुणी सवयीनं नॉब फिरवली तर इंजिन सरळ हवाच ओढणार, म्हणजे परत तेच. आम्ही नॉबला केबल टाय मारून टाकलाय. रिझर्व्ह गेलं म्हणजे पेट्रोल संपायच्या आधी माघारी फिरायची शिस्त लागते, ते बरंच झालं.

ज्यांच्या टाकीत दुसरा पिकअप नाही त्यांना टी लावावाच लागेल. लावा, पण पितळी टी लावा, प्लॅस्टिकचा नको, आणि तिन्ही टोकांना बरोबर मापाच्या क्लिपा.

सामानाचं सांगतो. प्रायमर पंपाचा किट बाहेरनं मागवावा लागतो, त्यात प्लंजर पंप, बारकी नळी, पितळी नोझल आणि टी येतो. मेन फ्युएल लाइन पाव इंची असते, प्रायमरची नळी एक अष्टमांश इंची, म्हणजे आतनं साधारण तीन मिलिमीटर. नळी घेताना पेट्रोलची आहे का नीट विचारून घ्या, कारण आता आपल्याकडं पंपावर ई२० मिळतं, त्यात २० टक्के इथेनॉल, ते जुन्या रबराला आणि डायफ्रामला फुगवतं नाहीतर कडक करतं. किटमधली नळी जुन्या स्टॉकची असेल तर ती टाकून नवी घ्या, कंजुषी करू नका. पितळी नोझल हरवलं तर अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुठल्याही लेथवर दहा मिनिटांत बनवून देतात, नमुना फक्त घेऊन जा.

काम सुरू करायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, हूड उघडून गाडी बाहेर मोकळ्यावर ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाला जाऊन बसते, वरनं वास येत नाही आणि खाली तळ वाफेनं भरलेला असतो. आमच्याकडचा पोऱ्या शेजारीच ग्राइंडर लावायला निघाला होता, त्याला तिथनंच हाकलला. टाकीचं झाकण हळू फिरवा, उन्हात उभ्या गाडीचं झाकण फुस्स करतं, कारण टाकीचा व्हेंट, म्हणजे हवेची वाट, हवा आत घेतो पण बाहेर सोडत नाही, त्यामुळे दाब साठतो. हा दाब पुढं परत कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

नोझल कुठं बसवायचं यावर लोक भांडतात. माझं मत, कार्बच्या बॉडीला ड्रिल लावायचं शक्यतो टाळा. फ्लेम अरेस्टर (कार्बच्या तोंडावरची आग अडवणारी जाळी) आणि कार्बच्या मध्ये जो अॅल्युमिनियमचा अडॅप्टर असतो त्याला पुरेसं मांस असेल तर नोझल त्याच्यात बसवा. चुकलं तर अडॅप्टर बदलता येतो, कार्ब बिघडला तर रडत बसा. काही बाहेरच्या अडॅप्टरला भोक आणि आटे तयारच असतात. अडॅप्टर नसेल तरच कार्बच्या तोंडाशी, चोकच्या बटरफ्लायच्याही पुढच्या काठाला, जिथं आत कुठलाही पेट्रोलचा रस्ता नाही अशा जागी. कार्ब पूर्ण खोला, डायफ्राम, गास्केट, जेट सगळं बाहेर, नुसती बॉडी व्हाइसमध्ये, जबड्याला जाड कापड. मग टॉर्च मारून आत कुठं कुठं रस्ते गेलेत ते बघा आणि मार्करनं खूण करा.

ड्रिल करताना बिटला ग्रीस चोपडा, अॅल्युमिनियमचा बुरा ग्रीसला चिकटतो, आत पडत नाही. सेंटर पंच मारा, आधी बारीक बिट, मग नोझलच्या आट्याच्या मापाचं, मग टॅप. टॅप अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, जबरदस्ती नको, मऊ धातू आहे, आटा गेला की गेला. आतल्या बाजूचा खरखरीत काठ सुईच्या कानशीनं काढा. नोझल आतल्या भिंतीला सपाट राहिलं पाहिजे, आत शिंग काढून उभं नको, आणि त्याचं तोंड घशाच्या मध्याकडं. आट्याला लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा गोंद) लावा, टेफ्लॉन टेप अजिबात नको. टेपचा धागा सुटून जेटमध्ये गेला तर तुम्ही आठ दिवस कार्ब उघड-झाक करणार आणि तो सापडणार नाही, हे नळाच्या प्लंबिंगचं काम नाही. शेवटी बॉडी पेट्रोलनं धुवा, कॉम्प्रेसरनं प्रत्येक भोकातनं हवा मारा, परत धुवा. मी तीनदा धुतो, पोऱ्या हसतो, हसू दे.

चोक काढायचा असेल तर याच वेळी काढा. बटरफ्लायच्या दोन स्क्रूंची मागची टोकं कंपनीतनं ठोकून चेपलेली असतात, सरळ स्क्रू ड्रायव्हर लावला तर स्क्रू तुटतो. आधी मागनं कानशीनं ती चेपलेली टोकं घासा, मग स्क्रू सहज येतात. शाफ्ट ओढून काढला की दोन्ही बाजूची भोकं उघडी राहतात, ती पितळी प्लगनं बंद करा, नाहीतर हुडात उडालेलं पाणी तिथनं आत जाणार.

पंप बसवायला जुन्या चोकच्या नॉबचंच भोक वापरा, तिथं हात सवयीनं जातो. पंपाची बॉडी जाड असेल तर व्हर्नियरनं मोजा आणि स्टेप ड्रिलनं भोक थोडं थोडं वाढवा, फायबरला एकदम मोठं बिट लावलं की कडा उडतात. नट आवळायच्या आधी भोकाच्या कडेला सिलिकॉन, पाणी आत यायला नको. आणि बसवल्यावर हँडलचा दांडा पूर्ण वर-खाली करून बघा, कुठं नळी चिमटत तर नाही ना. आमची पहिल्यांदा चिमटत होती, दांडा खाली असला की प्रायमर बंद, वर केला की चालू, अर्धा तास डोकं खाजवलं.

नळ्या जोडताना पंपावर आत आणि बाहेरचं टोक कुठलं ते बघा. खूण नसेल तर तोंडानं फुंकून बघा, ज्या टोकातनं फुंकर आत जाते ते टाकीकडचं. उलटं लावलं की प्रायमर टाकीत नुसती हवा ढकलत बसतो. एकच कार्ब असेल तर नळी सरळ नोझलला, दोन असतील तर मध्ये बारका टी आणि पुढच्या दोन्ही नळ्या सारख्याच लांबीच्या, नाहीतर जवळचं सिलेंडर भिजणार आणि लांबचं कोरडं राहणार. नळ्या एक्झॉस्टपासनं लांब ठेवा, ज्या काठाला घासतील तिथं जाड रबर गुंडाळा.

रिझर्व्हची लाइन थेट जोडली की फ्युएल कॉक बंद केला तरी ती उघडीच राहते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आता तो टाकीतला उन्हाचा दाब आठवा. गाडी दुपारी घाटावर उभी, टाकीत दाब, आणि प्रायमरचे व्हॉल्व्ह जरा जुने झालेले, की पेट्रोल आपोआप झिरपून कार्बच्या तोंडात. म्हणून त्या लाइनीत एक छोटा बंद-चालू कॉक घालाच, आणि प्रायमर मारायच्या आधी टाकीचं झाकण एकदा सैल करून दाब सोडा, परत घट्ट लावा.

टेस्टिंग. बॅटरी अजून काढलेलीच, फ्लेम अरेस्टर काढलेला. नॉब हळू ओढा, सावकाश दाबा. पहिले आठ-दहा स्ट्रोक नुसती हवा येईल, मग नळीत पेट्रोल पुढं सरकताना दिसेल, मग नोझलमधनं चिळकांडी. चिळकांडीच आली पाहिजे, थेंब थेंब नाही. दाबून थांबा आणि दोन मिनिटं नोझलकडं बघा, नंतर टपकायला लागलं तर व्हॉल्व्ह बसत नाही. सगळ्या जोडांना बोट लावून वास घ्या. मेन लाइनला टी लावला असेल तर तेवढ्यावर थांबू नका, लाइन तिन्हीकडनं सोडून दोन टोकं बंद करा, तिसऱ्या टोकाकडनं हवा फुंका आणि टी साबणाच्या पाण्यात बुडवा, एक बुडबुडा आला तरी परत करा. मग फ्लेम अरेस्टर बसवा. तो न बसवता इंजिन कधीच चालू करायचं नाही, बंद हुडात बॅकफायर झाला तर आग लागते.

आता वापरायचं कसं. हूड उघडून पाच मिनिटं हवा खेळू द्या, वास घ्या, वास नसेल तर पुढचं. दिवसाची पहिली स्टार्ट, थंड इंजिन, तीन ते चार पंप, थ्रॉटल न दाबता, सेल्फ पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही, नाही पेटली तर पंधरा सेकंद थांबून परत. पेटून मरायला लागली की अर्धा पंप द्या, ती सावरते, परत मरायला लागली परत अर्धा. डिसेंबरच्या सकाळी उजनीवर गार वारा असतो, फ्लेमिंगो आलेले असतात, तेव्हा पाच पंप लागतात. मे महिन्यात एक-दोनच पुरतात. आणि गरम इंजिनाला शून्य. पोरं खेळण्यासारखी नॉब दाबत बसतात, तिथंच घोटाळा होतो.

गॅरेजसमोर पाण्याबाहेर चालू करून बघायची हौस सगळ्यांना असते. याचं कूलिंग जेट पंपाच्या पाण्यावर आहे, पाण्याबाहेर पंधरा सेकंदांच्या वर चालवू नका. नळाचं पाणी जोडून चालवणार असाल तर आधी इंजिन चालू, मग पाणी, आणि बंद करताना आधी पाणी बंद, मग इंजिन. उलटं केलं तर पाणी एक्झॉस्टमधनं सिलेंडरमध्ये शिरतं.

जास्त पंप मारून फ्लड झाली, म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त साठलं, तर सेल्फ मारत बसू नका. पेट्रोल बंद करा, हूड उघडा, दोन्ही प्लग काढा, प्लग कॅप इंजिनाच्या धातूला नीट अर्थ करा, प्लगच्या भोकांपासनं लांब. भोकांवर जाडसर कापड टाका, आपल्या सोलापुरात टॉवेलला काही तोटा नाही, आणि थ्रॉटल पूर्ण उघडून दोन-तीन सेकंद सेल्फ. भोकातनं पेट्रोलचा फवारा येतो, ठिणगी जवळ असली तर भडका होतो, म्हणून अर्थचं एवढं सांगतोय. तो टॉवेल नंतर उन्हात लांब टाका. प्लग पुसा, वाळवा, लावा, आणि आता प्रायमर न मारता स्टार्ट.

ऑइलचं पण बघा. प्रायमर टाकीतलंच पेट्रोल ओढतो, त्यामुळे त्याच्यात ऑइल असतंच, वेगळ्या बाटलीतलं साधं पेट्रोल पाजू नका. आम्ही ४० ला १ ठेवतो, लिटरला २५ मिली, आणि ऑइल बोटीचं टीसी-डब्ल्यू३, बाईकचं टू-टी नाही. ते सोलापुरात लवकर मिळत नाही, पुण्याला कुणी जाणार असलं की दोन डबे सांगायचे.

एक फायदा मला नंतर कळला. एकदा पाण्याच्या मध्यावर कार्बच्या पंपाचा डायफ्राम फाटला, ई२० ची कृपा. इंजिन मरायला लागलं तसं दोस्तानं गुडघ्यावर बसून एका हातानं हँडल धरलं आणि दुसऱ्या हातानं प्रायमर मारत मारत, आयडलपेक्षा जरा वर, काठाला आणली. दंड असा भरून आला की दुसऱ्या दिवशी भाकरी मोडता येईना म्हणाला. पण मच्छीमाराच्या होडीला दोरी बांधून यायची नामुष्की टळली.

महिन्या-दोन महिन्यांनी गाडी आयडलला धूर करायला लागली, प्लग काळे ओले यायला लागले, तर लगेच कार्बचे स्क्रू फिरवू नका. स्की पाण्यात ठेवा, इंजिन आयडलला, आणि नोझलकडं जाणारी प्रायमरची नळी कापड लावलेल्या पकडीनं चिमटा. आवाज बदलला, आयडल वर गेला, तर प्रायमर आतनं झिरपतोय, इंजिन स्वतःच त्यातनं पेट्रोल ओढतंय. पंप खोला, आतली ओ-रिंग बघा, बहुतेक वेळा तीच चपटी झालेली असते. मापाची ओ-रिंग पेट्रोलची आहे एवढं दुकानात सांगा, नळाची काळी रिंग दोन दिवसांत फुगून नॉब जाम करते, हे पण मी करून बसलोय.